घर ते शाळा एक किलोमीटर, पण हा किलोमीटर मोजतात तरी कसा?

एक साधा प्रसंग डोळ्यापुढे आणा. आई-बाबा दोघंही कामावर जातात, घरी कॉम्प्युटर नाही. आरटीईचे फॉर्म सुटल्याचं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपला टाकतं. संध्याकाळी दोघं एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जातात. कॅफेवाला भराभर नाव, जन्मतारीख, पत्ता टाईप करतो. मग स्क्रीनवर नकाशा येतो. कॉम्प्युटरने आपलं लोकेशन आपसूकच पकडलेलं असतं, तेच ठेवून कॅफेवाला 'नेक्स्ट' दाबतो. फॉर्म भरला, पन्नास-शंभर रुपये दिले, घरी आले.

गडबड इथेच झाली. पत्त्याच्या रकान्यात घर बरोबर आहे, पण नकाशावरची खूण सायबर कॅफेवर आहे. घर तिथून दोन किलोमीटर लांब. पोर्टलवर पुढे जेवढ्या शाळा दिसल्या, त्यांची अंतरं कॅफेपासून मोजली गेली. लॉटरीत नंबर लागला तर कागदपत्रं तपासणाऱ्या समितीसमोर ही चूक उघडी पडू शकते, आणि हातात आलेला प्रवेश जाऊ शकतो. नाही लागला, तर घराशेजारची शाळा आपण भलत्याच ठिकाणाहून मागितली होती हे कधी कळतही नाही.

२०२५-२६ साठी महाराष्ट्रात आरटीईच्या साधारण १ लाख ९ हजार जागा होत्या आणि त्यासाठी तीन लाखांहून जास्त अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे जवळपास तीन मुलं. अशा ठिकाणी नकाशावरची एक खूण काय करू शकते, ते नीट समजून घेऊ.

मुळात अंतराचा संबंध आला कुठून?

शिक्षण हक्क कायदा, म्हणजेच आरटीई, २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातलं कलम १२(१)(क) सांगतं की खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या (किंवा शाळा जिथून सुरू होते त्या वर्गाच्या) किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलांना द्यायच्या. या मुलांना आठवीपर्यंत फी नाही, त्यांची फी सरकार शाळेला देतं. मात्र त्याच कलमात एक शब्द आहे, 'शेजारच्या परिसरातली' मुलं.

शेजार म्हणजे किती लांब, हे कायद्याने सांगितलं नाही. ते काम नियमांवर सोडलं. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असं माप आलं, आणि महाराष्ट्रानेही तेच धरलं. खरं तर हे माप सरकारने शाळा कुठे काढायची यासाठी होतं. सहा वर्षांचं मूल रोज चालत जाऊ शकेल इतक्या अंतरावर शाळा असावी, एवढा साधा विचार. पुढे हेच आकडे २५ टक्क्यांच्या प्रवेशातही आले, आणि आज पालक 'एक किलोमीटर' म्हणतात ते यामुळे.

लॉटरीत अंतराचं काम काय?

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. घर शाळेला जितकं जवळ तितका नंबर वर, असं लोकांना वाटतं. तसं नाहीये.

शाळेभोवती दोन गोल काढा, एक एक किलोमीटरचा आणि दुसरा तीनचा. पहिल्या गोलातल्या मुलांना आधी संधी. त्यातून जागा उरल्या तर एक ते तीन किलोमीटरच्या पट्ट्यातली मुलं, मग त्यापलीकडची. पण एकाच गोलाच्या आत सगळे सारखे. शाळेच्या भिंतीला चिकटून राहणारं मूल आणि ९०० मीटरवरचं मूल, दोघांची चिठ्ठी एकाच डब्यात. जागांपेक्षा अर्ज जास्त असले की लॉटरी निघते आणि तिथे अंतर बघितलं जात नाही.

म्हणून घर ४०० मीटरवर आहे की ६०० वर, याचा घोर लावून घेऊ नका. घोर लावायचाच तर ९५० आणि १०५० चा लावा. गोलाच्या काठावर राहणाऱ्यांसाठी नकाशावरची शंभर मीटरची चूक म्हणजे रांग बदलणं.

आणि रांग बदलण्याने किती फरक पडतो? थोडं शाळेतलं गणित करू. एक किलोमीटर त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस किलोमीटर. तीन किलोमीटरच्या गोलाचं २८ पेक्षा थोडं जास्त. म्हणजे पहिला गोल वजा केला तर बाहेरचा पट्टा सुमारे २५ चौरस किलोमीटरचा, आतल्या गोलाच्या आठपट. वस्ती सगळीकडे सारखी दाट धरली तर बाहेरच्या पट्ट्यात आठपट मुलं राहतात, आणि ती सगळी उरलेल्या जागांसाठी थांबलेली. पुण्या-मुंबईतल्या नावाजलेल्या शाळेत आतल्या गोलातूनच जागा भरल्या तर उरतं काय, ते तुम्हीच बघा. उलट गावाकडे किंवा शहराच्या कडेला, जिथे आतल्या गोलात अर्जच कमी येतात, तिथे दोन किलोमीटरवरच्या मुलालाही चांगली संधी असते.

फॉर्ममध्ये जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात. त्यातल्या किती एका किलोमीटरच्या आतल्या आहेत हे आधी मोजा. नाव मोठं म्हणून अडीच किलोमीटरवरच्या चार शाळा टाकल्या आणि शेजारच्या गल्लीतली साधी, बरी शाळा राहून गेली, हे नको.

रस्त्याने नाही, हवेतून

आता सगळ्यात जास्त वाद होणारा मुद्दा. हे अंतर रस्त्याने मोजत नाहीत. नकाशावर घर आणि शाळा यांच्यात सरळ रेघ ओढली की जे येतं ते, म्हणजे हवाई अंतर.

त्यामुळे गमती होतात. घर रेल्वेच्या पूर्वेला आणि शाळा पश्चिमेला असेल तर सरळ रेघेत ६०० मीटर. पण मूल काही रूळ ओलांडून जाणार नाही. पादचारी पुलापर्यंत जा, जिने चढा-उतरा, परत मागे या, दीड किलोमीटर सहज होतो. नदीकाठच्या शहरांत पूल कुठे आहे यावर सगळं अवलंबून. हायवेच्या पलीकडची शाळा नकाशावर शेजारी आणि रोजच्या आयुष्यात परगावी. पोर्टलच्या हिशेबात या सगळ्या एका किलोमीटरच्या आतल्या शाळा.

याचा फायदाही आहे आणि तोटाही. फायदा असा की तुम्हाला लांब वाटणारी शाळा पहिल्या गोलात बसू शकते, म्हणून ती आधीच यादीतून काढू नका. तोटा असा की प्रवेश मिळाल्यावर रोजचा रस्ता खराच असतो. फी माफ आहे, रिक्षावाल्या काकांचे पैसे माफ नाहीत, आणि प्रश्न आठ वर्षांचा आहे. शाळा निवडण्याआधी एकदा मुलाला घेऊन चालत जाऊन बघा. तेवढ्या अर्ध्या तासात जे कळतं ते नकाशा सांगत नाही.

घरबसल्या अंतर कसं काढायचं?

फॉर्म उघडण्याची वाट बघू नका. हे काम आधीच करून ठेवता येतं.

मोबाईलवर गुगल मॅप उघडा. दिशा दाखवणारं बटण दाबू नका, ते रस्त्याचं अंतर देतं. त्याऐवजी आपल्या घरावर बोट थोडा वेळ दाबून धरा. लाल खूण पडेल. खालची पट्टी वर ओढली की 'अंतर मोजा' असा पर्याय मिळतो. तो निवडा आणि नकाशा सरकवत शाळेच्या इमारतीवर आणा. खाली जो आकडा येतो ते सरळ रेघेतलं अंतर. पोर्टलचा आकडा यापेक्षा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो, कारण शाळेची खूण शाळेने स्वतः लावलेली असते. गेटवर, ऑफिसवर किंवा मैदानाच्या मधोमध. पण अंदाज नक्की येतो.

घराची खूण लावताना 'माझं लोकेशन' या निळ्या टिंबावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चाळीत, अरुंद गल्लीत, उंच इमारतींच्या मधे ते टिंब बरंच सरकतं. उपग्रहाचं चित्र लावा, आपल्या घराजवळची ओळखीची जागा शोधा, देऊळ, पाण्याची टाकी, शाखेचं ऑफिस काहीही, आणि तिथून गल्ली मोजत घरापर्यंत या. झोपडपट्टीत गल्ल्यांना नावं नसतात, नकाशावर त्या दिसतही नाहीत. तिथे छपरांचं चित्र हाच आधार.

खूण पडली की वर दोन लांबलचक दशांश आकडे दिसतात, अक्षांश आणि रेखांश. ते पूर्ण उतरवून किंवा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि पूर्ण म्हणजे पूर्ण. अक्षांशातला दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा एकाने चुकला तर जागा सुमारे १११ मीटर सरकते. चौथा चुकला तर ११ मीटर. दोनच आकडे लिहून बाकीचे सोडून दिले तर घर शेजारच्या पेठेत गेलंच म्हणून समजा.

हे आधी करायचं अजून एक कारण आहे. पालक ज्याला 'पिन' म्हणतात त्याला सरकारी सूचनांमध्ये 'बलून' म्हणतात, आणि अलीकडच्या सूचनांनुसार हा बलून जास्तीत जास्त पाच वेळाच निश्चित करता येतो. म्हणजे सायबर कॅफेत बसून 'इथे लावून बघू, तिथे लावून बघू' करायला वाव नाही. घरून आकडे घेऊन जा आणि बलून स्वतःच्या डोळ्यांदेखत लावून घ्या.

शेजारची शाळा यादीत दिसतच नाही

असंही होतं. रोज जिच्या घंटेने जाग येते ती शाळा पोर्टलवर नाहीच. याची काही साधी कारणं आहेत.

पहिलं म्हणजे ती अल्पसंख्याक दर्जाची शाळा असेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली २५ टक्क्यांची तरतूद वैध ठरवली, पण विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं. २०१४ च्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना आरटीई कायदाच लागू नाही. शहरांतल्या बऱ्याच जुन्या, नामवंत शाळा याच गटात येतात. तिथे तुम्ही भिंतीला भिंत लावून राहात असलात तरी उपयोग नाही.

दुसरं, नाव वेगळं असेल. पाटीवर एक नाव, सरकारी नोंदीत संस्थेचं लांबलचक नाव. त्यातच एका संस्थेच्या एकाच शहरात तीन शाखा. अशा वेळी नावावर जाऊ नका, शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक विचारा. तो प्रत्येक शाळेला स्वतंत्र असतो.

तिसरं, शाळेची खूणच चुकीच्या जागी असेल. अर्ज सुरू होण्याआधी शाळांची नोंदणी होते, तेव्हा शाळा आपलं ठिकाण भरते. पोर्टलवर शाळांची यादी आणि जागांची संख्या बघता येते. शाळा आहे पण अंतर काहीच्या काही दाखवतंय असं दिसलं तर गावात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे किंवा जवळच्या आरटीई मदत केंद्रावर लेखी सांगा. हे अर्जाची मुदत संपायच्या आत झालं तरच उपयोग.

एका किलोमीटरने २०२४ साली काय घातलं होतं?

हा शेजार कुणी आणि कसा मोजायचा, यावर मोठी लढाई झाली आहे, तीही फार जुनी नाही.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियमात दुरुस्ती केली. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्के जागा देण्याची गरज नाही, असा नियम आला. म्हणजे बघा, आधी एक किलोमीटर मुलाला शाळेत घेण्यासाठी वापरायचे. आता तोच किलोमीटर दुसऱ्या दिशेने लावला, खाजगी शाळा ते सरकारी शाळा. शहरात कुठेही उभे राहा, किलोमीटरभरात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा असतेच. त्यामुळे एका झटक्यात बहुतेक खाजगी शाळा यादीतून बाहेर.

सरकारचं म्हणणं होतं, शेजारी सरकारी शाळा असताना खाजगी शाळेची फी कशाला भरायची? सरकार एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देतं, आणि तेही वेळेवर मिळत नाहीत अशी शाळांची तक्रार वर्षानुवर्षांची. कर्नाटकने असाच बदल आधी केला होता आणि तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो मान्यही केला होता. त्यामुळे महाराष्ट्रातही हे टिकेल असं अनेकांना वाटलं.

एप्रिलमध्ये अर्ज सुरू झाले. पोर्टलवर जागा होत्या आठ लाखांहून जास्त, अर्ज मात्र लाखभरही आले नाहीत. कारण उघड आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जायला लॉटरी लागत नाही, तिथे एरवीही प्रवेश मिळतो. त्यासाठी पालक फॉर्म कशाला भरतील?

६ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने या दुरुस्तीला स्थगिती दिली. जुन्या पद्धतीने पुन्हा अर्ज मागवले, तेव्हा दोन लाखांहून अधिक अर्ज आले. १९ जुलैला न्यायालयाने दुरुस्ती रद्दच केली. मूळ कायद्यात नसलेली सूट नियम करून देता येत नाही, हा त्यातला गाभा. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये हा निकाल कायम ठेवला. पण या सगळ्यात जून महिना उलटून गेला होता. शाळा सुरू झाल्या आणि लॉटरीतली मुलं जुलैपर्यंत निकालाची वाट बघत घरी. चुकीच्या फेब्रुवारीची किंमत सहा वर्षांच्या पोरांनी जुलैत भरली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यातून कामाची गोष्ट एवढीच घ्या की अंतराचे नियम दगडावरची रेघ नाहीत. गेल्या वर्षीच्या रीलवर किंवा कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका. त्या-त्या वर्षी पोर्टलवर जी सूचना निघते, तीच वाचा.

परदेशातल्या मराठी लोकांचा गोंधळ

लंडनला गेलेले आपले लोक घर शोधताना 'शाळेचा कॅचमेंट' असं काहीतरी बोलतात, ते ऐकून इथल्या पालकांनाही वाटतं की आपल्याकडेही तसंच असेल. इंग्लंडमध्ये लॉटरी सहसा नसते. अनाथ किंवा सरकारी देखभालीतली मुलं, मग बहुतेक ठिकाणी आधीच शिकणाऱ्यांची भावंडं, आणि त्यानंतर ज्याचं घर जवळ त्याला जागा, असा क्रम अनेक सरकारी शाळांत असतो. तिथे ४०० आणि ६०० मीटरमध्ये खरोखर फरक पडतो. गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला, हा आकडा अनेक कौन्सिल जाहीर करतात आणि पालक तो बघून घर भाड्याने घेतात. चांगल्या शाळेजवळची घरं महाग होतात ती यामुळेच. आपल्याकडे निदान गोलाच्या आत भाडं जास्त देऊन नंबर विकत घेता येत नाही.

पत्त्याचा खोटेपणा

पण गोलाच्या आत येण्यासाठी खोटा पत्ता देणारे आपल्याकडेही आहेतच. मामाच्या घरचा पत्ता, ओळखीच्या इस्टेट एजंटने करून दिलेला भाडेकरार वगैरे. २०२४ मध्ये नागपुरात बनावट कागदपत्रांवर आरटीई प्रवेश घेतल्याबद्दल पालकांवर गुन्हे दाखल झाले होते. भाडेकरार लावायचा तर तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला हवा, अर्ज सुरू होण्याच्या आधीचा हवा आणि किमान ११ महिन्यांचा हवा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे दिवाळीच्या आसपासच बघून ठेवलं तर बरं, कारण ऐनवेळी नोंदवलेला करार चालत नाही आणि मालक नोंदणीला तयार होईपर्यंत मुदत निघून जाते. खऱ्या भाडेकरूंचे हाल इथेच होतात, खोट्यांचे नाही, ही या नियमाची पंचाईत आहे.

रेशनकार्ड, वीजबिल, घरपट्टीची पावती, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट यांपैकी जो पुरावा देणार त्यावरचा पत्ता, फॉर्ममधला पत्ता आणि नकाशावरची खूण, तिन्ही एकाच घराची हवीत. नंबर लागल्यावर मूळ कागद घेऊन पडताळणी समितीकडे जायचं असतं, आणि समिती हेच तीन ताडून बघते. रेशनकार्डावर अजून गावचा पत्ता असेल तर ते पत्त्यासाठी लावू नका, दुसरं काहीतरी शोधा.

अर्ज शेवटचा सबमिट करण्याआधी कॅफेवाल्याला थांबवा, स्क्रीनवरचा नकाशा मोठा करून मागा, आणि खूण आपल्याच छपरावर आहे ना ते बघा. मग प्रिंट घ्या, अर्ज क्रमांकाचा फोटो काढून दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. मोबाईल नंबर स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा नको. मेसेज त्याच नंबरवर येतो. तरी मेसेजच्या भरवशावर न राहता लॉटरीनंतर पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः बघा, कारण प्रवेश घ्यायला मिळणारे दिवस मोजकेच असतात.